‘पाटलानं शाळा काढली’ : एका क्रियापदावरून उभं राहिलेलं प्रकरण

पार्श्वभूमी

वऱ्हाडातलं कापूस-तुरीचं एक गाव. मारोतीच्या पारासमोर ग्रामपंचायत, तिच्या मागच्या खोलीत सार्वजनिक वाचनालय. गाव ओळखू येऊ नये म्हणून गावाचं नाव, माणसांची नावं आणि प्रकरणातली नेमकी सालं इथे देत नाही. मी त्या वाचनालयाचा कार्यवाह. आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे येणं साहजिक होतं.

गावात जिल्हा परिषदेची कन्या शाळा आहे. शाळेत असलेल्या सर्वांत जुन्या दाखल-खारीज रजिस्टरातली पहिली नोंद धरली तर शंभर वर्षं भरत होती. मुख्याध्यापिका मॅडम, माजी सरपंच (गाव त्यांना भाऊच म्हणतं), एक निवृत्त गुरुजी आणि मी अशी समिती झाली. शताब्दीचा कार्यक्रम करायचा, शाळेच्या दारात कमान उभारायची आणि एक स्मरणिका काढायची असं ठरलं.

रजिस्टराच्या आधी गावात मुलींची शाळा होती का, हा प्रश्न गुरुजींनी पहिल्याच बैठकीत विचारला. कागद मिळणं अवघड होतं, आणि त्याला कारण आहे. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, 1903 साली मध्य प्रांताला जोडलं गेलं, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात राहिलं, 1956 साली मुंबई राज्यात गेलं आणि 1960 साली महाराष्ट्रात आलं. जिल्हा परिषदा त्याहून अलीकडच्या, 1962 च्या. प्रत्येक वेळी कचेऱ्या बदलल्या, दप्तरं हलली. खेड्यातल्या एका प्राथमिक शाळेचे कागद एवढ्या उलाढालीतून टिकले नाहीत, तर दोष कोणाला द्यायचा?

राहिली वर्तमानपत्रं. आमच्या वाचनालयाला एका वकील कुटुंबाने जुन्या साप्ताहिकाची आणि काही मासिकांची बांधलेली वर्षं दिली होती. लोखंडी कपाटात, जुन्या धोतरात गुंडाळलेली. गुरुजींनी पंधरा दिवस बसून ती चाळली आणि रजिस्टराच्या 14 वर्षं आधीच्या एका अंकात चार ओळींची बातमी शोधून काढली.

अडचण

बातमी अशी होती : ‘मौजे (गावाचं नाव) येथ… रा. रा. (नाव) पाटील यांच्या खटपटीनें मुलींची शाळा काढिली असें आमचा बातमीदार लिहितो.’ ‘येथ’च्या पुढे कसरीने खाल्लेलं भोक.

मला ती वाचताच आनंद झाला. शाळा 14 वर्षांनी जुनी ठरली आणि संस्थापकाचं नावही मिळालं. मी मोबाइलवर फोटो घेतला. भाऊंनी तो मागितला, आणि त्याच रात्री तो गावच्या ग्रुपवर गेला.

सकाळी सहा वाजता भाऊ दारात उभे. पाटलांच्या घराशी ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्या पटत नाही, त्या घरच्या मंडळींनी रात्रीच उत्तर लिहिलं होतं : बघा, आम्ही म्हणतच होतो. पाटलानं पोरीईची शाळा काहाडली. आता पेपरातच आलं!

तेव्हा मला कळलं की हे वाक्य गावात आधीपासून होतं. ‘पाटलानं पोरीईची शाळा काहाडली’ असं एका घरात अभिमानाने सांगत, दुसऱ्या घरात रागाने सांगत. शब्द तेच. एका घराला त्याचा अर्थ ‘सुरू केली’ असा ठाऊक, दुसऱ्याला ‘गावातून घालवली’ असा. दोन्ही घरांतली लहान मुलं ते वाक्य ऐकत मोठी झाली आणि दुसऱ्या घरात त्याचा अर्थ वेगळा आहे हे कोणाच्या कानावर आलंच नाही, कारण ती घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपण दुकान काढतो म्हणजे उघडतो आणि अतिक्रमण काढतो म्हणजे हटवतो. ‘पोरीनं शाळेचं नाव काढलं’ ही शाबासकी. ‘पोरीचं शाळेतून नाव काढलं’ ही त्या घरातली सगळ्यात वाईट बातमी. आमच्या गावात एका दिवसात एकच माणूस सातबारा काढतो, पीक विमा काढतो, सोयाबीन काढतो, मुलीच्या लग्नाला कर्ज काढतो आणि रात्री पारावर जुना विषय काढतो. मुळात अर्थ एकच आहे, आतलं बाहेर आणणं. नव्हतं ते बाहेर आणलं की ती सुरुवात होते. होतं ते बाहेर नेलं की तो शेवट होतो. एरवी संदर्भ सगळं सांभाळून घेतो. इथे चार ओळींच्या बातमीत संदर्भच नव्हता, आणि जो एक शब्द उपयोगी पडला असता त्याचा शेवट कसरीने खाल्लेला.

‘खटपटीनें’ हा शब्दही मदतीला येईना. आज ‘खटपट्या’ म्हटलं की कारस्थानी माणूस डोळ्यापुढे येतो. जुन्या छापील मराठीत खटपट म्हणजे सरळ मेहनत, प्रयत्न, असंही असतं. विरोधी घराने त्या शब्दावरही बोट ठेवलं होतं.

प्रश्न आता शताब्दीच्या सालाचा उरला नव्हता. पाटलांचे पणतू नागपूरहून येणार होते आणि त्यांचा सत्कार पत्रिकेत छापायचा होता. ज्याच्या पणजोबाने शाळा बंद पाडली असं अर्धं गाव म्हणतं, त्याचा सत्कार शाळेच्याच अंगणात कसा करायचा?

समोरचे पर्याय

भाऊंचं मत सरळ होतं : बातमी बाजूला ठेवा, रजिस्टर धरा, शंभर वर्षं साजरी करा. गावात वाद नको. निवडणुकीत होरपळलेल्या माणसाचं ते मत होतं आणि मी ते हलकं समजत नाही. पण फोटो ग्रुपवर गेला होता. बातमी गाळली असती तर दोन्ही घरांनी ‘समितीने दाबलं’ असंच म्हटलं असतं.

गुरुजी म्हणाले, बातमी जशी आहे तशी छापा, अर्थ लावू नका, वाचणारा ठरवेल. हा पर्याय प्रामाणिक दिसतो, म्हणून मला तो काही काळ पटला होता. मॅडमनी तो मोडून काढला. त्या म्हणाल्या, “सर, अर्थ न लावता छापलं तर ज्याच्या मनात जो आहे तोच अर्थ पक्का होईल. आपण काहीच सांगितलं नाही असं होणार नाही.”

तिसरा पर्याय विद्यापीठातल्या जाणकारांकडे पाठवण्याचा. पण त्यांच्यापुढे जाणार होती तीच मोबाइलची धुरकट प्रत, आणि हाताशी दोनच महिने होते.

मी आधी शब्दकोशाकडे वळलो. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात भागांत निघाला. मोल्सवर्थ त्याच्याही आधीचा, दुसरी आवृत्ती 1857 ची. पण शब्दकोश एखाद्या शब्दाचे किती अर्थ होतात ते सांगतो. अमुक वाक्यात अमुक बातमीदाराच्या मनात कोणता होता, हे सांगणं त्याचं काम नाही. त्यासाठी त्याच पत्राने, त्याच वर्षांत हे क्रियापद कसं वापरलं ते पाहायला हवं होतं. हे काम आम्हीच करायचं ठरलं. सोयाबीनची काढणी चालू होती, त्यामुळे बैठका रात्री नऊनंतर, वाचनालयात.

काय केलं

पहिल्या रात्री मूळ अंक टेबलावर घेतला. मोबाइलच्या फोटोत भोकाच्या वर एक डाग दिसत होता, तो सगळ्यांनी मळ म्हणून सोडून दिला होता. भिंगाखाली तो मळ नव्हता. शिरोरेषेच्या वर एक तिरकी रेघ होती, तिची मुळाकडची बाजू खाल्लेली, आणि तिच्या शेजारी गोल, काळाभोर टिंब. मात्रा आणि अनुस्वार. म्हणजे ‘येथें’.

जुन्या छापील मराठीत ‘येथें’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार सर्रास देत. उच्चारात न येणारे हे अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले. शाळेत ते टिंब न शिकलेल्या माझ्या पिढीला ते डागासारखं दिसलं, यात आश्चर्य नाही. गुरुजींनी मात्र पाहताक्षणी ओळखलं, त्यांची पाटी त्या टिंबांवरच गिरवलेली.

‘येथें शाळा काढिली’ आणि ‘येथील शाळा काढिली’ यांत मोठा फरक आहे. ‘येथील’ म्हटलं की शाळा आधीपासून आहे. ‘येथें’ म्हटलं की फक्त जागा कळते. पण तेवढ्यावर निकाल लागत नव्हता. ‘येथें’ असूनही कोणी ‘इथली हलवली’ असा अर्थ काढू शकला असता.

मग चिठ्ठ्या. पाठकोऱ्या कागदांचे तुकडे केले. साप्ताहिकाच्या त्या काळातल्या दहा वर्षांत जिथे जिथे ‘काढणे’ एखाद्या संस्थेला, दुकानाला, छापखान्याला, पत्राला लावलेलं दिसेल, तिथलं अख्खं वाक्य उतरवून घ्यायचं. वाक्य अख्खं घ्यायचं हा मॅडमचा आग्रह होता आणि पुढे तोच उपयोगी पडला.

तीन-चार रात्रींत चित्र दिसायला लागलं. सुरुवात सांगायची तिथे ‘एक’, ‘नवीन’ असे शब्द जवळपास असत : नवीन दुकान काढिलें, एक मंडळी काढिली. जागा ‘येथें’ने किंवा सप्तमीने येई. कोणी काढली त्याचं नाव बहुधा दिलेलं असे. हाच प्रयोग आपण आजही करतो. 1880 साली चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं, 1881 साली आगरकरांसह ‘केसरी’ काढला. डॉ. आंबेडकरांनी 1920 साली ‘मूकनायक’ काढलं आणि 1927 साली ‘बहिष्कृत भारत’. पंजाबराव देशमुखांनी 1932 साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. यातलं एकही वाक्य ऐकून कोणाच्या मनात ‘बंद केली’ येत नाही.

शेवट सांगायचा तिथे क्रियापद सहसा एकटं येत नसे. काढून टाकिलें, काढून घेतलें, काढून नेलें, असा दुसऱ्या क्रियापदाचा आधार लागे, किंवा ‘तून’, ‘वरून’, ‘हून’ असा निघण्याचा बिंदू सांगितलेला असे. शाळेच्या बाबतीत ‘मोडली’, ‘बंद झाली’ हे सरळ शब्दही होतेच. आणखी एक गंमतीची गोष्ट अशी की सुरुवातीसाठी आधीच्या पिढीचं मराठी ‘शाळा घातली’ असंही म्हणे. आज ‘घातली’ ऐकलं की घालवली वाटेल, इतकं ते मागे पडलं आहे.

इथे मी थांबायला तयार होतो. मॅडम तयार नव्हत्या. त्यांनी विचारलं, “आपण आपल्याला हवी ती वाक्यं शोधतोय का? उलटं एक तरी सापडेपर्यंत पाहू या.” या संबंध प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मी हाच मानतो.

उलटं वाक्य तिसऱ्या दिवशी त्यांनाच मिळालं, शेवटच्या पानावरच्या जाहिरातीत. एका कापड दुकानदाराने लिहिलं होतं की आम्ही येथील दुकान काढिलें आहे, तरी ज्यांच्याकडे उधारी असेल त्यांनी ती अमुक तारखेपर्यंत द्यावी. हे दुकान बंद झालेलं होतं. ‘टाकलें’ नाही, ‘नेलें’ नाही, नुसतं ‘काढिलें’. म्हणजे एकट्या क्रियापदानेही शेवट सांगता येत होता. आणि तिथे शब्द होता ‘येथील’.

आता सगळा भार पुन्हा त्या भोकावर आला. ‘येथें’च आहे, ‘येथील’ किंवा ‘येथून’ नाही, हे टिंबापलीकडे दाखवता यायला हवं होतं. गुरुजींनी बटर पेपर मागवला. त्याच पानावर, त्याच खिळ्यांत (छपाईच्या अक्षरांत) छापलेला एक ‘येथील’ आणि एक ‘येथें’ शोधला, टोक केलेल्या पेन्सिलीने दोन्ही गिरवले आणि बटर पेपर बातमीवर ठेवून ‘ये’वर ‘ये’ जुळवला. ‘येथील’मधला ‘ल’ थेट ‘रा. रा.’च्या पहिल्या ‘रा’वर चढला. ‘येथें’ बरोबर बसला, मधली मोकळी जागा धरून. पेन्सिलीचं टिंब छापलेल्या टिंबावर आलं. त्या वेळी वीज गेलेली होती आणि भाऊंनी मोबाइलचा उजेड धरला होता. भाऊ एवढंच म्हणाले, “बसलं.”

पाटलांनी शाळा सुरू केली, हे आता सांगता येत होतं. पण मग दुसऱ्या घराचा राग आला कुठून? शंभर वर्षं टिकलेला राग नुसत्या शब्दाच्या गैरसमजावर उभा असेल, हे मला पटत नव्हतं. मी त्या घरातल्या सगळ्यात वयोवृद्ध आजींकडे गेलो. त्यांनी मायच्या तोंडचं सांगितलं : “माही माय सांगे, शाळा काहाडली अन् आमचं शिकनं राह्यलं. मायले पाटी होती. मंग पाटीवर कुंकू ठेवे ते.”

कोणी काढली, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “पाटलानं. असंच म्हनत सारे.”

पाटीवर कुंकू ठेवणारी बाई खोटं सांगत नव्हती. तिची शाळा खरोखर गेली होती. आम्ही पुढची वर्षं उघडली, या वेळी ‘काढणे’बरोबर ‘निघणे’ही शोधलं, कारण काढली ती शाळा ‘निघाली’ अशीही बातमी येते. पहिल्या बातमीनंतर नवव्या वर्षी, पावसाळ्यातल्या एका अंकात सापडलं : मुलींची संख्या पुरेशी भरत नसल्यामुळें येथील शाळा बोर्डानें काढून (शेजारच्या गावाचं नाव) येथें नेली. ‘येथील’. ‘काढून नेली’. आणि काढणारं जिल्ह्याचं बोर्ड. पाटलांचं नाव त्यात नव्हतं.

गावाने दोन घटनांचं एक वाक्य केलं होतं. पाटलांनी शाळा काढली, हे खरं. शाळा काढली आणि मुलींचं शिक्षण राहिलं, हेही खरं. दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच असल्यामुळे ती एकमेकांना चिकटली, आणि दुसऱ्या वाक्याला नसलेला कर्ता पहिल्याने पुरवला.

निष्पत्ती

स्मरणिकेत दोन्ही बातम्या मूळ छायाचित्रांसह, दुकानदाराच्या जाहिरातीसह छापल्या. शेजारी दोन पानांत आम्ही अर्थ कसा लावला ते लिहिलं. जाहिरात घ्यावी की नाही यावर भाऊ आणि मी भांडलो. त्यांना वाटत होतं की तिच्यामुळे आपलीच बाजू लंगडी पडते. मला वाटत होतं की ती न छापता विश्वास मागणं बरोबर नाही. मॅडमचं मत माझ्या बाजूने पडलं.

कमानीवर काय लिहायचं हा वेगळा प्रश्न. ‘काढली’ लिहिलं असतं तर पुन्हा तेच. ‘स्थापना’ लिहिलं असतं तर मधली काही वर्षं शाळा नव्हतीच, हे झाकलं गेलं असतं. शेवटी तीन ओळी कोरल्या : पहिली शाळा सुरू झाली, ती हलवली गेली, आजची शाळा सुरू झाली, आणि प्रत्येकीपुढे साल. कमानीवर शाळा हलवल्याचं साल कोरलेली दुसरी शाळा मी पाहिलेली नाही. गावातल्या काहींना ते अपशकुनी वाटलं. मला ते हवं होतं.

पणतूंचा सत्कार झाला. आजींनाही मंचावर खुर्ची दिली. त्यांच्या घरातले मधले काका मात्र आले नाहीत. त्यांचं म्हणणं अजून असं की बोर्डाने शाळा नेली तेव्हा पाटील गप्प का बसले? हा प्रश्न रास्त आहे. चार ओळींच्या बातमीत त्याचं उत्तर नाही, आणि समितीने ते असल्याचा आव आणला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फोटो मी द्यायला नको होता. मूळ अंक पाच पावलांवर कपाटात असताना आम्ही मोबाइलच्या चित्रावरून बोलायला लागलो. त्या एका रात्रीने पुढचे दोन महिने तापवले. मूळ कागद भिंगाखाली घातल्याशिवाय त्याचा फोटो बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा नियम वाचनालयाने आता केला आहे.

आजींना मी विचारलेला प्रश्नही चुकला. ‘कोणी काढली?’ असं विचारलं की माणूस कोणाचं तरी नाव घेतोच. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारलं असतं, तर बहुधा त्या पाटीबद्दल अजून बोलल्या असत्या. पुढे पुन्हा गेलो, पण तोवर त्यांना मी कशासाठी आलो ते कळलं होतं आणि प्रत्येक वाक्य त्या तोलून बोलत होत्या.

आणि ‘निघणे’ पहिल्यापासून शोधायला हवं होतं. काढणे आणि निघणे ही जोडी आहे, एकाचा शोध दुसऱ्याशिवाय अर्धा राहतो. आधी केलं असतं तर दुसरी बातमी दोन आठवडे आधी हाती आली असती, आणि पत्रिका छापण्याआधी मधल्या काकांशी बसून बोलता आलं असतं.

स्मरणिका छापून झाल्यावर मॅडम सुट्टीच्या दिवशी शेजारच्या गावी जाऊन आल्या, जिथे बोर्डाने शाळा नेली होती. तिथलं जुनं रजिस्टर टिकलं आहे. आमची शाळा नेली त्याच वर्षी आमच्या गावच्या दोन मुलींची नावं तिथे दाखल आहेत. दोन कोस चालत जात असणार. आजींची माय त्यांत नाही. दिवाळीनंतर दोघींच्याही नावापुढे, खारीजच्या रकान्यात, एकाच हाताने लिहिलेलं आहे : ‘नांव काढिलें’. कारणाचा रकाना कोरा आहे. मॅडमनी त्या पानाची नक्कल हाताने उतरवून आणली. ती मी पहिल्या बातमीच्या चिठ्ठीसोबत त्याच पाकिटात ठेवली आहे.